आधी पाहावे, मग कापावे

काखेत वा जांघेत अवधाण आले म्हणजे आपण शेक घेतो आणि विसरून जातो. ही सुजलेली गाठ म्हणजे लसिकाग्रंथी. शरीरातल्या लसीच्या वाटेवरची ती एक चौकीच होय. त्वचेवर उद्भवणारा मेलॅनोमा नावाचा काळा कर्करोग पसरू लागला, की पुष्कळदा प्रथम अशाच चौकीवर सापडतो.

1892 साली लंडनचे शल्यवैद्य हर्बर्ट स्नो यांनी असे प्रतिपादन केले, की ग्रंथी हाताला लागेपर्यंत थांबू नये. जवळच्या सर्व आधीच काढून टाकाव्यात. तर्क सरळ होता, पण त्याची किंमत रोग्याने मोजावयाची होती. ग्रंथी गेल्या की लस तुंबते, हात वा पाय सुजतो. ज्याचे पोट हातावर आहे त्याने सुजल्या हाताने काय करावे? शिवाय पुष्कळांच्या काढलेल्या ग्रंथींत रोग नसेच. तरीही हा वाद शंभर वर्षे चालला. कारण कापण्याआधी पाहण्याची सोय नव्हती.

ती सोय कॅलिफोर्नियातील डोनाल्ड मॉर्टन व त्यांचे सहकारी यांनी 1992 साली जगापुढे मांडली. मॉर्टन हे वेस्ट व्हर्जिनियातील एका कोळसा खाणकामगाराचे चिरंजीव, हे आम्हां कामगार चळवळीतल्यांना मुद्दाम सांगावेसे वाटते. मूळ रोगाच्या जागी निळा रंग टोचावयाचा. तो ज्या ग्रंथीत प्रथम पोचेल ती पहारेकरी. ती निर्दोष, तर मागच्याही निर्दोष. पडताळ्यासाठी त्यांनी 194 ठिकाणच्या बाकीच्या ग्रंथीही काढून पाहिल्या. पहारेकऱ्याला चुकवून रोग शिरलेल्या ग्रंथी निघाल्या 3,079 पैकी केवळ 2!

हे यश एकट्या सुरीचे नव्हे. प्रयोगशाळेत ग्रंथी मेणात बसवून तिचे पातळ काप घेतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्या 194 पैकी शेकडा 12 ठिकाणी रोग नेहमीच्या रंगाने दिसला. आणखी शेकडा 9 ठिकाणी तो खास प्रतिद्रव्ये वापरल्यावरच उघडकीस आला.

2017 साली पुढचा निकाल लागला. पहारेकरी ग्रंथीत रोग सापडलेल्यांपैकी काहींच्या उरलेल्या ग्रंथी काढल्या, काहींवर ध्वनिलहरींच्या तपासणीने नुसती नजर ठेवली. तीन वर्षांनंतर दोन्ही गटांत शेकडा 86 जण या रोगाच्या मृत्यूपासून वाचलेले होते. सूज मात्र पहिल्या गटात शेकडा 24 जणांना, दुसऱ्यात शेकडा 6 जणांना.

श्रोतेहो, सूक्ष्मदर्शकाने रोग शोधला, ही अर्धी गोष्ट झाली. त्याने माणसाचे कामाचे हातपाय राखले, ही उरलेली अर्धी. आणि आमच्या लेखी तिचे मोल तसूभरही कमी नाही.