पहिला एन्लार्जर निवडताना

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं मला गाठलं. "सर, एक जुना स्टुडिओ बंद होतोय. तिथला एन्लार्जर घेऊ का?" मी विचारलं, तुझ्याकडे निगेटिव्ह कोणत्या आकाराच्या आहेत? तो गप्प झाला. यंत्र आधी आणि गरज नंतर, हा क्रम मीही एकदा केला होता, आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली. म्हणून आज हा विषय.

आधी थोडा इतिहास. टॅल्बटनं १८४१ साली निगेटिव्हवरून प्रिंट काढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. निगेटिव्ह कागदावर दाबून ठेवायची आणि उजेड द्यायचा. जेवढी निगेटिव्ह, तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा असेल तर कॅमेराच मोठा हवा. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पिढीतले छायाचित्रकार. त्या काळचं काम मुख्यतः असंच, आकाराला आकार लावून चालायचं. सूर्यप्रकाश वापरून चित्र मोठं करणारं यंत्र अमेरिकेत १८५७ साली आलं खरं, पण त्यासाठी ऊन हवं आणि सूर्य सरकेल तसं यंत्रही सरकवायला हवं. पुढे ब्रोमाइड कागद आला, तो दिव्याच्या उजेडावर चालू लागला, तेव्हा हे काम अंधाऱ्या खोलीत शिरलं. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला. त्याची निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढी. आता एन्लार्जर ही चैन राहिली नाही, ती गरज झाली.

काचेतून उजेड पाठवून चित्र मोठं करायचं, हे तत्त्व आपल्या कोल्हापूरला काही परकं नव्हतं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ पडदे रंगवता रंगवता प्रोजेक्टर आणि कॅमेऱ्याच्या नादाला लागले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या साथीनं कॅमेरा पुरा केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. एन्लार्जर म्हणजे उभा केलेला प्रोजेक्टरच, फक्त पडद्याच्या जागी कागद.

आता माझी गोष्ट. १९७४ च्या सुमारास मी इथं कागलात एक जुना एन्लार्जर आणला. स्वस्त मिळाला म्हणून आणला. तो फक्त ३५ मिलिमीटर फिल्मचा होता. आणि गावात कॅमेरे कुठले? बहुतेक आग्फा क्लिक थ्री, म्हणजे १२० ची फिल्म, चौकोनी निगेटिव्ह. माझ्या यंत्रात ती बसायचीच नाही.

एक दिवस शेजारच्या आजी आल्या. मुलगा नुकताच गेला होता. हातात एकच निगेटिव्ह. "मास्तर, ह्यातलं तेवढं माझ्या लेकाचं तोंड मोठं करून द्या." भिंतीवर लावायला, हार घालायला. मी काय केलं? कात्री घेतली आणि निगेटिव्ह माझ्या यंत्राच्या मापाची कापली. चेहरा छान आला. आजींनी तो पदरानं पुसला आणि रडल्या.

पुष्कळ वर्षांनी त्या मुलाची मुलगी माझ्याकडे आली. त्याच फोटोत शेजारी तिची आई उभी होती. दोघांचा एकत्र असा तेवढाच फोटो. मूळ प्रिंट पावसात खराब झालेली, आणि कापलेली पट्टी मी केव्हाच टाकून दिलेली. मी तिला काय देणार होतो?

आयुष्यभर मी तत्त्वज्ञान शिकवलं. निवड म्हणजे काहीतरी सोडणं, हे वर्गात शेकडो वेळा सांगितलं. पण एन्लार्जरखाली केलेली निवड परत बदलता येते. फ्रेम हलवा, दुसरा कागद घ्या, निगेटिव्ह शाबूत आहे. कात्रीची निवड बदलता येत नाही. माझं यंत्र चुकीचं होतं, म्हणून मी निगेटिव्हला शिक्षा दिली.

तेव्हा पहिला एन्लार्जर घेताना एवढं बघा. घरातल्या जुन्या निगेटिव्ह आधी बाहेर काढा. १२० च्या असतील तर ६ बाय ६ घेणारंच यंत्र घ्या. त्यात ३५ ची फिल्मही चालते, उलटं होत नाही. लेन्स ३५ ला ५० मिलिमीटरची, ६ बाय ६ ला ७५ किंवा ८० ची. लेन्स उजेडासमोर धरून बुरशी बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. खांब हलतो का ते बघा. लेन्स पूर्ण उघडून चारही कोपरे एकदम स्पष्ट दिसतात का ते तपासा. कंडेन्सरचं यंत्र ठसठशीत प्रिंट देतं, पण ओरखडे आणि धूळही दाखवतं. जुन्या, खराब निगेटिव्हना पसरट उजेडाचं यंत्र मानवतं.

आणि स्टॅबिलायझर विसरू नका. शेतातला पंप सुरू झाला की दिवा मंद व्हायचा, हे माझ्या खोलीत रोजचं. साध्या दिव्याचं व्होल्टेज दहा टक्के उतरलं तर उजेड जवळजवळ तीस टक्के उतरतो. मग मोजलेले सेकंद काय कामाचे?

त्या तरुणानं परवा फोन केला. आजोबांच्या पेटीत १२० च्या निगेटिव्हचा गठ्ठा सापडला म्हणाला. मी म्हटलं, आता जा आणि यंत्र बघ. कात्री मात्र घरी ठेव.