फिनिक्समध्ये कूलर ऑगस्टला का हरतो?

विदर्भातल्या माणसाला कूलर समजावून सांगावा लागत नाही. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना ओल्या ताट्या, आत पंखा आणि पाणी फिरवणारी छोटी मोटर. मीही त्याच पेटीसमोर झोपून मोठा झालोय. म्हणून या पेटीचा इतिहास वाचायला घेतला, तर तो मला अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात, फिनिक्स नावाच्या वाळवंटी शहरात घेऊन गेला. आणि तिथे कळलं, की उकाड्याची गोष्ट तापमानाइतकीच वीजबिलाचीही असते.

या शहराचा पाया मुळात कालव्यांचा आहे. होहोकाम लोकांनी सॉल्ट नदीतून शेकडो मैल कालवे खणून इथे कित्येक शतकं शेती केली. पंधराव्या शतकाच्या सुमारास ही वस्ती मोडली. १८६७ मध्ये जॅक स्विलिंग या माणसाने ते जुने कालवे पाहून पुन्हा पाणी वळवायला घेतलं. जुन्या संस्कृतीच्या अवशेषांतून उठलेलं गाव, म्हणून राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव: फिनिक्स.

होहोकामांचे वंशज मानले जाणारे ओओधम लोक उन्हाळा 'रामाडा'खाली काढत. चार खांब, वर काटक्या-फांद्यांचं छप्पर, बाजू मोकळ्या. थोडक्यात, आपला मांडव. नंतर आलेल्या गोऱ्या लोकांनी मात्र विटांची घरं बांधली आणि रात्री त्याच घरांतून बाहेर पळाले! घराला जाळीची पडवी काढायची, तिथे खाटा टाकायच्या, ओल्या चादरी गुंडाळून झोपायचं. मुंग्या-किडे चढू नयेत म्हणून खाटेचे पाय पाण्याच्या डब्यांत. ज्यांच्याकडे पैसा होता ते बायकामुलांना डोंगरात किंवा कॅलिफोर्नियाच्या समुद्राकाठी धाडत. उरलेल्यांचा सगळा भरवसा रात्रीवर होता. वाळवंट दिवसा भाजतं, पण रात्री निवतं.

१९३०च्या दशकात हीच ओली चादर पेटीत गेली. खिडकीत लाकडी खोकं, त्यात लाकडाच्या बारीक तंतूंची गादी, वरून ठिबकणारं पाणी आणि मागे पंखा. आधी लोकांनी घरीच जोडले, मग फिनिक्समध्ये कारखाने निघाले. विज्ञान साधं आहे: एक लीटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते आणि ती पाणी हवेतूनच ओढून घेतं. वाळ्याचे पडदे भिजवणाऱ्या आपल्या लोकांना हे आधीपासून ठाऊक होतं; त्यांनी फक्त मागे पंखा लावला.

पण कूलरला हवा कोरडी लागते. फिनिक्सचा जून भट्टीसारखा, पण कोरडा. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र तिथे मान्सून येतो. हो, तिकडेही त्याला मान्सूनच म्हणतात. दमट वारे येतात, धुळीची वादळं उठतात, पाऊस जेमतेम पडतो आणि पारा चाळीसच्या आसपासच राहतो. हवेत आधीच ओल असेल तर ताट्यांवरचं पाणी उडणार कसं? मृगाच्या सरीनंतर आपला कूलर चिकट हवा फेकायला लागतो ना, तसंच. फरक एवढाच, की आपल्याकडे तोवर उन्हाळा संपलेला असतो. तिथे अजून दोन महिने बाकी असतात.

ही दोन महिन्यांची फट दुसऱ्या महायुद्धानंतर एसीने बुजवली. १९४०मध्ये फिनिक्सची लोकसंख्या सुमारे ६५ हजार होती. १९६०मध्ये ती जवळपास ४ लाख ४० हजार झाली आणि २०२०मध्ये १६ लाखांच्या पुढे गेली. शहराने सूर्याशी वेगळे करारही केले. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची अमेरिकी पद्धत अॅरिझोनाने १९६८मध्ये नाकारली. संध्याकाळी आणखी एक तास ऊन कोणाला हवंय?

या सगळ्यात एक गोष्ट हातातून निसटली: रात्र. डांबर आणि काँक्रीट दिवसाची उष्णता रात्रभर सोडत राहतात. १९ जुलै २०२३ला फिनिक्सचं किमान तापमान ३६.१ अंश होतं. किमान! जाळीच्या पडवीत झोपून आता काय मिळणार? त्याच उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तिथे त्या वर्षी उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यांत बेघर माणसं खूप होती. आणि घरात गेलेल्यांपैकी बहुतेकांकडे एसी होता, फक्त तो चालत नव्हता.

सप्टेंबर २०१८मध्ये फिनिक्सजवळ ७२ वर्षांच्या एका बाईंच्या घराची वीज तोडली गेली. पारा ४१च्या वर होता. त्यांनी बिलातले १२५ डॉलर भरले होते. बाकी होती सुमारे ५१ डॉलर. त्या उष्णतेने गेल्या. हे उघड झाल्यावर २०१९मध्ये राज्याच्या नियामक आयोगाने १ जून ते १५ ऑक्टोबर या काळात थकबाकीसाठी वीज तोडायला मनाई केली. ओली चादर आणि कूलर यांच्या रांगेत मला हा नियमही ठेवावासा वाटतो. तोही उष्णतेवरचा उपायच आहे, फक्त कागदावरचा.

एसी वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. तो नसता तर हे मृत्यू कितीतरी वाढले असते. पण मांडव, पडवी आणि ओली चादर यांना मीटर नव्हता. बंद खोलीला आहे. आपल्याकडेही गच्चीवरच्या गाद्या उचलल्या गेल्यात आणि भिंतींवर एसी चढतायत. तापमानाचे आकडे आपण रोज फोनवर बघतो. त्याच्याबरोबर आणखी एक आकडा बघायला हवा: आपल्या गल्लीत किती जणांना या महिन्याचं बिल भरणं जमणार आहे?