कार्ल्याच्या लाकडातले आकाश

(१) कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरणाऱ्याची नजर प्रथम स्तंभांवर जाते आणि मग वर, गजपृष्ठाकार छताला लागून असलेल्या लाकडी कमानींवर. अखंड कातळात कोरलेल्या लेण्यात लाकूड कशासाठी, हा पहिला प्रश्न. लाकडी इमारतींची सवय असलेल्या कारागिरांनी तीच रचना दगडात उतरवली आणि तिच्या खुणा म्हणून लाकूडही बसवले, हे त्याचे सर्वमान्य उत्तर. दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे: हे लाकूड किती जुने? आजचा थ्रेड त्या प्रश्नाविषयी आणि त्याचे उत्तर शोधण्यास मदत करणाऱ्या वैश्विक किरणांविषयी.

(२) आधी आपल्या हाती काय आहे ते पाहू. वेहेरगावच्या डोंगरातील या संघारामाचे प्राचीन नाव वलूरक. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल हे शैलगृह आपण पूर्णत्वास नेल्याचे अभिमानाने सांगतो. धेनुकाकटचे दाते, त्यांतले काही यवन, एकेका स्तंभावर आपले नाव ठेवून गेले. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने करजिक गाव दान दिले. पुढे त्याच गावाच्या दानाचा सातवाहन लेखही इथे कोरला गेला.

(३) चैत्यगृह कोणत्या वर्षी पुरे झाले, हे मात्र भूतपाल सांगत नाही. म्हणून अभ्यासकांना अक्षरवटिका, शिल्पशैली आणि राजांची नावे यांवरून काळ ठरवावा लागतो. कार्ल्यासाठी ही अनुमाने इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभापर्यंत पसरली आहेत. मळवली स्थानकाच्या दुसऱ्या अंगाला असलेले भाजे त्याहून जुने, साधारणतः इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातले मानतात. तिथल्या लाकडी कमानींवर तर ब्राह्मी अक्षरेही आढळली आहेत. लिपी आणि शैली यांच्यावर अवलंबून नसलेला साक्षीदार इथे एकच: स्वतः ते लाकूड.

(४) या साक्षीदाराची भाषा समजण्यासाठी १९१२ सालाकडे वळावे लागते. बंदिस्त विद्युतदर्शकातील विद्युतभार आपोआप का गळतो, हे तेव्हा कोडे होते. जमिनीतील किरणोत्सारी द्रव्ये हे कारण असेल, तर उंचावर गळती कमी व्हायला हवी. ऑस्ट्रियाचा व्हिक्टर हेस ७ ऑगस्ट १९१२ रोजी फुग्यातून ५,३०० मीटरहून अधिक उंच गेला. गळती कमी होण्याऐवजी वाढली. त्याच वर्षी एप्रिलमधील सूर्यग्रहणाच्या वेळी केलेल्या उड्डाणात ती घटलीही नव्हती. म्हणजे मुख्य स्रोत सूर्य नव्हता. काहीतरी वरून, दूरवरून येत होते. १९३६ साली हेसला नोबेल पारितोषिक मिळाले.

(५) ‘किरण’ हे नाव रूढ झाले, पण प्रत्यक्षात हे कण आहेत. सुमारे ९० टक्के प्रोटॉन, ९ टक्क्यांच्या आसपास हीलियमची केंद्रके, उरलेली त्याहून जड मूलद्रव्यांची. त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ असतो. आपल्या आकाशगंगेतील स्फोट पावलेल्या ताऱ्यांचे अवशेष हे त्यांचे एक प्रमुख उगमस्थान मानले जाते. परंतु हे कण विद्युतभारित असल्याने आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्रे त्यांना सतत वळवतात. लक्षावधी वर्षे भटकून ते इथे पोहोचतात, तेव्हा त्यांच्या दिशेवरून मूळ ठिकाण सांगता येत नाही.

(६) पृथ्वीच्या वाटेवर त्यांना तीन पहारे ओलांडावे लागतात. पहिला सूर्याचा. सूर्यापासून अखंड वाहणारा सौरवारा कमी ऊर्जेच्या कणांना मागे रेटतो. म्हणून सूर्य अधिक सक्रिय असतो, त्या वर्षांत वैश्विक किरण कमी पोहोचतात. तो शांत असतो तेव्हा अधिक.

(७) दुसरा पहारा पृथ्वीच्या चुंबकत्वाचा. जेकब क्ले या डच शास्त्रज्ञाला १९२७ साली जावा ते हॉलंड या सागरी प्रवासात दिसले, की विषुववृत्ताजवळ वैश्विक किरणांची तीव्रता कमी भरते. ध्रुवांकडे कमी ऊर्जेचे कणही आत शिरतात. विषुववृत्ताजवळ फक्त बलाढ्य कणांनाच वाट मिळते. सुमारे १९ अंश उत्तरेस वसलेले मावळ या दृष्टीने बऱ्यापैकी सुरक्षित छत्राखाली येते.

(८) तिसरा पहारा हवेचा. साधारण १५ ते २० किलोमीटर उंचीवर हे कण हवेतील अणुकेंद्रकांवर आदळतात आणि एकातून अनेक कणांचा वर्षाव सुरू होतो. या वर्षावातील इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण कसे वाढत जातात, याचे गणित १९३७ साली होमी भाभा आणि वॉल्टर हाइट्लर यांनी मांडले. वर्षावातील म्युऑन नावाचे कण जमिनीपर्यंत येतात. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरमागे मिनिटाला सुमारे एक म्युऑन पडतो. हे वाचत असताना तुमच्या तळहातातून काही पार झालेही असतील.

(९) या शोधकथेत भारत केवळ प्रेक्षक नव्हता. देवेंद्रमोहन बोस आणि विभा चौधरी यांनी दार्जिलिंग परिसरातील उंच ठिकाणी छायाचित्रणाच्या काचा ठेवून या कणांचे माग टिपले आणि निष्कर्ष प्रसिद्ध केले. भाभांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. वैश्विक किरण हा तिच्या आरंभीच्या संशोधनाचा कणा होता. पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, १९६५ साली वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंचा मागही लागला.

(१०) आता लाकडाकडे. वर्षावात सुटलेला न्यूट्रॉन हवेतील नायट्रोजनवर आदळला, की कार्बन-१४ तयार होतो. तो प्राणवायूशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत मिसळतो आणि झाडे तो शोषून घेतात. प्रमाण अत्यल्प: साधारण एक लाख कोटी कार्बन अणूंमागे एखादा. कार्बन-१४ ची निर्मिती ध्रुवांकडे अधिक होते, पण वारे तो जगभर पसरवतात. मावळातल्या झाडाने शोषलेला अणू सैबेरियाच्या आकाशात जन्मलेला असू शकतो.

(११) झाडाच्या खोडात एखादे वलय पुरे झाले, की त्यातील भर थांबते आणि घट सुरू होते. कार्बन-१४ चे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षांचे. म्हणजे २,००० वर्षांच्या लाकडात मूळ प्रमाणाच्या ७८ टक्क्यांच्या आसपास शिल्लक राहते. ही घट मोजून काळ काढण्याची पद्धत विलर्ड लिबी आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली मांडली. १९६० साली लिबीला नोबेल मिळाले. टाटा संस्थेतही अशी प्रयोगशाळा उभी राहिली. आपल्याच पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचा काळ ठरवताना तिच्या मोजमापांचा आधार मिळाला.

(१२) वैश्विक किरणांची दुसरी निशाणी लोणावळ्याच्या पावसात आहे. हेच किरण हवेत बेरिलियम-७ तयार करतात आणि पाऊस तो खाली आणतो. त्याचे अर्धायुष्य अवघे ५३ दिवसांचे. टाटा संस्थेतील देवेंद्र लाल आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात पावसाच्या पाण्यातील अशा द्रव्यांचा अभ्यास केला. आषाढात भाज्याच्या डोंगरावरून कोसळणाऱ्या धबधब्यात काही आठवड्यांपूर्वीचे आकाश वाहते. वर लेण्यातील कमानींत दोन सहस्रकांपूर्वीचे साठलेले असते.

(१३) आणि इथेच इतिहासाच्या विद्यार्थ्याने थबकायला हवे. कार्बन-१४ लेण्याचे वय सांगत नाही. तो त्या लाकडाचे ते वलय कधी वाढले, एवढेच सांगतो. खोडाच्या गाभ्यातील नमुना सालीजवळच्या नमुन्यापेक्षा शंभर वर्षांनी जुना निघू शकतो. जुने लाकूड पुन्हा वापरलेले असेल तर काळ मागे जातो. कमान नंतर बदलली असेल तर पुढे येतो. शिवाय शंभर वर्षांच्या अंतराने कार्बन-१४ च्या प्रमाणात जेमतेम एक टक्क्याचा फरक पडतो, आणि उषवदात व सातवाहन यांच्या कालनिर्णयाचे वाद नेमके अशाच अंतरांचे आहेत.

(१४) तिन्ही पहाऱ्यांचा हिशेबही इथे परत येतो. सूर्य आणि चुंबकत्व बदलले, की कार्बन-१४ ची निर्मिती बदलते. म्हणून मोजलेला आकडा वृक्षवलयांच्या तक्त्याशी ताडून दुरुस्त करावा लागतो. जपानच्या फुसा मियाके यांनी २०१२ साली दाखवले, की इसवी सन ७७४-७७५ मध्ये वृक्षवलयांतील कार्बन-१४ एकाएकी वाढला होता. आकाशाच्या घड्याळाचेही काटे अधूनमधून धक्के खातात.

(१५) हे सारे सांगण्याचे कारण आपल्या रोजच्या वाचनात आहे. ‘कार्बन डेटिंगने सिद्ध झाले’ या एका वाक्यावर एखादी वास्तू पाच हजार वर्षांची करून टाकणारे मजकूर आपण सगळेच पाहतो. असे वाक्य दिसले, की चार गोष्टी विचारा. नमुना कशाचा होता? तो नेमका कुठून घेतला? आकडा वलयांच्या तक्त्याशी ताडला आहे का? कमी-अधिकाची मर्यादा किती दिली आहे? उत्तरे नसतील, तर तो दावा पुढे पाठवू नका. दगडाला तर ही पद्धत लागूच होत नाही. त्यासाठी एके काळी सजीव असलेले काही लागते.

(१६) म्हणूनच कार्ल्याच्या आणि भाज्याच्या कमानी अमोल आहेत. दोन हजार पावसाळे सोसूनही लाकूड मूळ जागी टिकल्याची उदाहरणे आपल्याकडे फार थोडी. स्तंभावरचा लेख झिजला तरी त्याचे ठसे आणि वाचने छापलेली आहेत. कमानीचा तुकडा गेला, तर त्यातील वलये पुन्हा मिळणार नाहीत.

(१७) पुढच्या वेळी एकवीरेच्या दर्शनाला गेलात, तर चैत्यगृहात पाच मिनिटे शांत उभे राहा. माथ्यावरच्या कातळाला भेदून काही म्युऑन त्या क्षणीही तुमच्यातून आणि त्या कमानींतून जात असतील. भूतपालाच्या अंगातूनही ते असेच गेले होते. त्याने सालाची नोंद ठेवली नाही. लाकडाने ठेवली आहे, तिच्या मर्यादांसह. ती वाचताना आपल्याला सोयीचे शब्द तिच्या तोंडी घालू नयेत, इतके पथ्य आपण पाळू या.