अंकुशाचा रुपया कुणाचा?

गेल्या उन्हाळ्यात शेजारचे काका रुमालात गुंडाळलेला एक चांदीचा रुपया घेऊन आले. म्हणाले, "सर, आईच्या ट्रंकेत सापडलं. तुमच्या उर्दूतलं आहे. अक्षरं निम्मी तुटलीत, म्हणजे पाडताना चुकलेलं दिसतंय. मोबाइलवर सांगतात, चुकलेल्या नाण्याला लाखात किंमत येते."

त्यांच्या बोलण्यात दोन समजुती होत्या आणि दोन्ही दुरुस्त करण्यासारख्या होत्या.

आधी चुकीचं बघू. जुन्या काळी नाणी हातानं पाडली जात. खालच्या ठशावर चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घण हाणायचा. ठसा बहुतेकदा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळं मजकुराचा एक तुकडाच नाण्यावर उमटे, कधी टांकसाळीचं नाव सुटे, कधी साल. ती चूक नव्हे, रीतच होती. संग्राहक दोनच गोष्टी वेगळ्या करतो. टांकसाळीत घडलं ते ठशाचं, बाहेर पडल्यावर घडलं ते नुकसान. दागिन्यासाठी पाडलेलं भोक, डाग देऊन बसवलेली कडी, चांदी पारखायला सराफानं मारलेली खूण, चिंचेनं घासून आणलेली चकाकी हे सारं नुकसानीत जातं.

ठशावर ठसा पडला, तर मात्र इतिहास हाती लागतो. त्याचा दाखला आपल्या कोल्हापुरातच आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहनकाळातल्या 'कुर' राजांची धनुष्यबाणाची नाणी याच कोल्हापूरची ओळख आहेत. विळिवायकुर नावाचे दोन राजे, एक वासिठीपुत, दुसरा गोतमिपुत, आणि तिसरा माढरिपुत सिवलकुर. यांत आधी कोण, नंतर कोण? सिवलकुराचा ठसा वासिठीपुताच्या नाण्यांवर मारलेला सापडला आणि गोतमिपुताचा त्या दोघांच्याही नाण्यांवर. खालचा ठसा आधीचा, वरचा नंतरचा. नवखा माणूस ज्याला खराब नाणं म्हणून बाजूला टाकेल, त्यानंच राजांचा क्रम लावून दिला.

आता दुसरी समजूत. काकांच्या रुपयावरची भाषा उर्दू नव्हती, फार्सी होती. एका बाजूला शाह आलम या बादशहाच्या नावाचा तुकडा वाचता आला, दुसऱ्या बाजूला 'जुलूस' हा शब्द. आपण मिरवणुकीला जुलूस म्हणतो, पण नाण्यावर त्याचा अर्थ गादीवर बसणं. बादशहाच्या कारकिर्दीचं साल त्यानं सांगतात. त्या अक्षरांमध्ये एक छोटा अंकुश होता, गणपतीच्या हातात दिसतो तसा.

मी म्हणालो, "काका, हा अंकुशी रुपया. पेशव्यांच्या मुलखातला. असे रुपये पुण्याच्या टांकसाळीत पडत."

काका चकित झाले. "मग बादशहाचं नाव कशाला?"

कारण बाजाराला ओळखीचा रुपया लागतो. दिल्लीची सत्ता खिळखिळी झाली, तरी त्या नावाच्या रुपयावरचा विश्वास टिकून होता. ईस्ट इंडिया कंपनीनंही १८३५ पर्यंत मुघल बादशहाच्या नावाचे रुपये पाडले. उलट बाजूनंही हेच दिसतं. हैदर अलीच्या सोन्याच्या होनांवर एका बाजूला शिव-पार्वती आहेत, दुसऱ्या बाजूला त्याच्या नावाचं फार्सी आद्याक्षर. शिवाजी महाराजांनी मात्र होन आणि शिवराई देवनागरीत पाडली. तो त्यांचा जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता. त्याचं मोल कळायचं, तर आजूबाजूची फार्सी नाणीही वाचता यायला हवीत.

राहिली किंमत. ती धातू, वजन, वाचता येणारी टांकसाळ आणि दुर्मीळपणा यांवर ठरते. आजच्या नाण्यांवर सालाखालचा चौकट (मुंबई), तारा (हैदराबाद) किंवा ठिपका (नोएडा) ही टांकसाळीची खूण आहे, चूक नव्हे. जुनी नाणी विकून देतो म्हणून आधी शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनंही ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं आहे.

काकांनी रुपया विकला नाही. त्यावर काय लिहिलंय ते मराठीत लिहून द्या, म्हणाले. मी वहीचं पान फाडून लिहून दिलं. त्यांनी ते पान रुपयाभोवती गुंडाळलं आणि वर पुन्हा रुमाल बांधला.