परवान्याची परीक्षा आणि ग्रंथांची निवड
अमेरिकेत संरचना अभियंत्यांसाठी, म्हणजे इमारती व पूल यांच्या सांगाड्याचे बळ ठरवणाऱ्यांसाठी, स्वतंत्र परवान्याचा कायदा इलिनॉय राज्याने 1915 मध्ये केला. पुढे 2011 पासून रूढ झालेली 16 तासांची राष्ट्रीय परीक्षा पुस्तके जवळ ठेवून देता येत असल्याने उमेदवार पोलादी बांधकामाची पुस्तिका, काँक्रीटची ‘एसीआय 318’ ही संहिता आणि वारा, भूकंप आदींचे भार सांगणारे ‘एएससीई 7’ हे मानक, पानोपानी खुणपट्ट्या चिकटवून, सोबत नेत. त्यातही प्रश्न ठरावीक आवृत्तीवरच बेतलेले असल्याने आवृत्तीची निवड निर्णायक ठरे. 2024 मध्ये परीक्षा संगणकावर गेली, संहिता पडद्यावरच मिळू लागल्या आणि स्वतःच्या हाताने खुणा केलेल्या प्रतींचा परीक्षागृहातील आधार नाहीसा झाला, ही हानी लहान म्हणता येत नाही.