मोटारसायकल ट्रॅक डे

मोटारसायकल ट्रॅक डे म्हणजे शर्यतींसाठी बांधलेल्या बंदिस्त मार्गावर सर्वसामान्य चालकांना शुल्क भरून स्वतःची किंवा भाड्याची मोटारसायकल चालवू देणारा कार्यक्रम होय. तो बहुधा एका दिवसाचा असतो. या दिवशी शर्यत होत नाही. क्रमांक, बक्षिसे आणि अधिकृत वेळनोंद यांना त्यात स्थान नसते. वाहनावरील नियंत्रण वाढवणे, ब्रेक व वळणे यांचा सराव करणे आणि सार्वजनिक रस्त्यावर धोकादायक व बेकायदेशीर ठरणारा वेग सुरक्षित परिसरात अनुभवणे हे त्याचे मुख्य हेतू मानले जातात. भारतात पहिल्यांदा ट्रॅकवर उतरणारे अनेक चालक १५० ते ४०० सीसी क्षमतेच्या लहान मोटारसायकली वापरतात.

पार्श्वभूमी

मोटार शर्यतींसाठी मुद्दाम बांधलेला पहिला मार्ग इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे १९०७ मध्ये सुरू झाला. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग हा मार्ग १९२७ मध्ये खुला झाला. शर्यती नसताना तेथे सामान्य वाहनचालकांनाही पैसे भरून प्रवेश दिला जाऊ लागला. मोटारसायकलस्वारांच्या प्रशिक्षणाला पद्धतशीर रूप देणाऱ्यांत अमेरिकी प्रशिक्षक कीथ कोड यांचे नाव महत्त्वाचे आहे. त्यांनी १९८० मध्ये कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलची स्थापना केली. या संस्थेचे वर्ग भारतातही चेन्नईजवळील ट्रॅकवर झाले आहेत.

भारतात मोटारक्रीडेची सुरुवातीची परंपरा मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या विमान धावपट्टीशी जोडलेली आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टै येथे स्वतंत्र ट्रॅक सुरू केल्यानंतर या खेळाला कायमचे ठिकाण मिळाले.

दिवसाचे स्वरूप

सकाळी नोंदणी, वाहन परवान्याची पडताळणी आणि जोखमीची जाणीव असल्याच्या लेखी घोषणेवर सही घेतली जाते. त्यानंतर वाहनांची तांत्रिक तपासणी होते. तपासणीनंतर सर्व सहभागींना ध्वजांचे अर्थ, ओलांडण्याचे नियम आणि ट्रॅकवर येण्या-जाण्याची पद्धत समजावून सांगितली जाते. या बैठकीला गैरहजर राहणाऱ्यास बहुतेक ठिकाणी ट्रॅकवर सोडत नाहीत.

चालकांचे गट अनुभवानुसार पाडले जातात. नवखे, मध्यम आणि वेगवान अशी विभागणी सर्वसाधारण आहे. प्रत्येक गटाला साधारण १५ ते २० मिनिटांची सत्रे आळीपाळीने मिळतात. नवख्यांच्या पहिल्या सत्रात प्रशिक्षक पुढे राहून योग्य मार्गरेषा दाखवतो आणि बाकीचे त्याच्या मागून रांगेत जातात. दोन सत्रांमधला वेळ विश्रांती, पाणी पिणे आणि टायरची पाहणी यांसाठी असतो. सत्र थोडक्या वेळाचे दिसले तरी त्यात सतत ब्रेक, गिअर आणि शरीराची हालचाल करावी लागत असल्याने नवखा चालक लवकर थकतो. उष्ण हवेत चामडी पोशाखामुळे हा थकवा आणखी वाढतो.

वाहनाची तयारी

ट्रॅकसाठी मोटारसायकलीत मोठे बदल करावे लागत नाहीत, मात्र ती यांत्रिकदृष्ट्या निर्दोष असावी लागते. तपासणीत पुढील बाबी पाहिल्या जातात:

- टायरची नक्षी, वय आणि हवेचा दाब
- ब्रेक पॅडची जाडी व ब्रेक ऑइलची पातळी
- चेनचा ताण आणि स्प्रॉकेटची झीज
- थ्रॉटल सोडताच आपोआप बंद होतो की नाही
- इंजिन ऑइल, कूलंट किंवा पेट्रोलची गळती

आरसे काढून ठेवतात किंवा झाकतात. हेडलाइट, टेललाइट आणि इंडिकेटर यांवर चिकटपट्टी लावली जाते, जेणेकरून वाहन पडल्यास काचेचे तुकडे मार्गावर विखुरणार नाहीत. गळतीबाबत आयोजक सर्वांत कठोर असतात, कारण मार्गावर सांडलेल्या तेलाने मागून येणारे अनेक चालक घसरू शकतात. काही ठिकाणी कूलंटऐवजी साधे पाणी भरण्यास सांगतात. कूलंटमधील ग्लायकॉल निसरडे असते आणि ते सहज वाळत नाही.

संरक्षक पोशाख

पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, चामडी एकसंध पोशाख किंवा कमरेला चेनने जोडता येणारा दोन भागांचा पोशाख, मनगट झाकणारे हातमोजे आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट ही किमान अपेक्षा असते. पाठीच्या कण्यासाठी वेगळे कवच वापरण्याचा आग्रह धरला जातो. जीन्स आणि कापडी जॅकेट डांबरावर घासताच फाटतात, त्यामुळे ती चालत नाहीत. भारतात हा पोशाख अनेकदा भाड्यानेही मिळतो.

लहान मोटारसायकलींचे स्थान

नवख्या चालकासाठी लहान मोटारसायकल अधिक उपयुक्त मानली जाते. तिचे वजन कमी असते, थ्रॉटल जरा जास्त उघडला गेला तरी मागचे चाक सहसा घसरत नाही आणि टायर व ब्रेक पॅडही स्वस्त पडतात. शक्ती मर्यादित असल्याने सरळ भागावर वेग वाढवून वेळ भरून काढता येत नाही. वळणात गमावलेला वेग परत मिळण्यास बराच अवकाश लागतो. त्यामुळे चालकाचे लक्ष आपोआप मार्गरेषा, ब्रेकची वेळ आणि थ्रॉटलची सलगता यांकडे वळते.

वेग कमी असल्याने अपघाताची तीव्रताही घटते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समान वजनाच्या वाहनाचा विचार केल्यास ताशी २०० किमी वेगातील ऊर्जा ताशी १३० किमी वेगातील ऊर्जेच्या सव्वादोन पटींहून अधिक असते.

भारतीय बाजारात २००८ मध्ये आलेली यामाहा वायझेडएफ-आर१५, २०१४ मध्ये आलेल्या केटीएम आरसी २०० व आरसी ३९० आणि २०१७ मध्ये आलेली टीव्हीएस अपाचे आरआर ३१० या वाहनांमुळे परवडणाऱ्या किमतीत ट्रॅकयोग्य मोटारसायकली उपलब्ध झाल्या. यांपैकी केटीएमच्या मोटारसायकलींचे उत्पादन पुणे जिल्ह्यातील चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यात होते.

चालवण्याचे तंत्र

मार्गरेषा: सर्वसाधारण वळणात बाहेरच्या कडेने प्रवेश करून आतील कडेजवळच्या बिंदूला स्पर्श करत पुन्हा बाहेरच्या कडेकडे जाणे, ही मूलभूत रेषा असते. आतील बिंदूला एपेक्स म्हणतात. या रेषेमुळे वळणाची त्रिज्या वाढते आणि त्याच वेगाला वाहन कमी कलंडावे लागते.

कल: एखाद्या वळणात लागणारा कल वेग आणि त्रिज्या यांवर अवलंबून असतो, वाहनाच्या वजनावर नव्हे. ४० मीटर त्रिज्येच्या वळणातून ताशी ६० किमी वेगाने जाताना सुमारे ३५ अंशांचा कल लागतो. त्रिज्या ३० मीटर असल्यास तो सुमारे ४३ अंश होतो. टायरच्या रुंदीमुळे वाहनाचा प्रत्यक्ष कल यापेक्षा थोडा अधिक असतो. चालकाने शरीर वळणाच्या आतील बाजूस सरकवल्यास त्याच वेगाला वाहन किंचित कमी कलंडवून भागते. गुडघा जमिनीला टेकणे हा त्याचा परिणाम असू शकतो; ते उद्दिष्ट ठरवून केलेली घाई नवख्यांच्या पडण्याचे कारण ठरते.

ब्रेक: ब्रेकचा जोर तोच राहिल्यास थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किमी वेगाला २० मीटर लागत असतील, तर ताशी १२० किमीला ८० मीटर लागतात. त्यामुळे नवख्यांना ब्रेक लवकर व सरळ रेषेत लावण्यास शिकवतात.

नजर: चालक जिकडे पाहतो तिकडेच वाहन जाण्याचा कल असतो. पुढच्या चाकाकडे किंवा समोरच्या वाहनाकडे पाहण्याऐवजी एपेक्स आणि त्यानंतर वळणाच्या शेवटाकडे नजर नेणे अपेक्षित असते.

ध्वज

ठरावीक अंतरावर उभे असलेले मार्शल ध्वजांनी सूचना देतात. आयोजकांनुसार त्यांत थोडा फरक असतो.

- हिरवा: मार्ग मोकळा आहे
- पिवळा: पुढे धोका आहे, वेग कमी करावा, ओलांडू नये
- पिवळ्यावर लाल पट्टे: मार्ग निसरडा आहे
- निळा: मागून अधिक वेगवान चालक येत आहे
- काळा: संबंधित चालकाने पिटमध्ये यावे
- लाल: सत्र थांबवले आहे; सावकाश पिटमध्ये परतावे
- काळे-पांढरे चौकटी: सत्र संपले

धोके

लहान मोटारसायकलीच्या चालकासमोरचा मोठा धोका म्हणजे वेगातील तफावत. अनेक आयोजक गट क्षमतेनुसार न पाडता अनुभवानुसार पाडतात, त्यामुळे २०० सीसी आणि १००० सीसीची वाहने एकाच सत्रात येऊ शकतात. सरळ भागावर दोघांच्या वेगात ताशी ६० किमीचा फरक असल्यास ५० मीटर मागे असलेले मोठे वाहन तीन सेकंदांत लहान वाहनाला गाठते. वळणात मात्र तेच वाहन अनेकदा सावकाश जाते व लहान वाहनाच्या मार्गात येते. म्हणून सुरक्षितपणे ओलांडण्याची जबाबदारी मागच्या चालकावर असते. पुढच्या चालकाने वाट देण्यासाठी अचानक बाजूला होऊ नये. आपली रेषा कायम ठेवावी, असा सर्वमान्य नियम आहे.

पहिल्या फेऱ्यांत टायर थंड असल्याने त्यांची पकड कमी असते. दिवसाच्या शेवटच्या सत्रांत थकवा आणि वाढलेला आत्मविश्वास एकत्र येतात. मार्गाबाहेर जाण्याची वेळ आल्यास वाहन सरळ उभे करून पुढचा ब्रेक सोडणे आणि मातीत हळूहळू वेग कमी करणे सुरक्षित समजले जाते. पडल्यानंतर शरीर पूर्ण थांबेपर्यंत उठू नये आणि वाहनाकडे धावू नये, असेही शिकवले जाते.

भारतातील प्रमुख मार्ग

- मद्रास इंटरनॅशनल सर्किट, चेन्नईजवळ: लांबी ३.७१७ किमी.
- करी मोटर स्पीडवे, कोइंबतूरजवळ चेट्टिपालयम: लांबी सुमारे २.१ किमी. दिवंगत शर्यतपटू एस. करिवर्धन यांचे नाव त्यास दिले आहे. आखूड सरळ भाग आणि जवळजवळची वळणे यांमुळे तो लहान मोटारसायकलींना सोयीचा आहे.
- बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, ग्रेटर नोएडा: २०११ मध्ये सुरू, फॉर्म्युला वनसाठी लांबी ५.१२५ किमी. २०२३ मध्ये येथे मोटोजीपी शर्यत झाली. एक किमीहून लांब सरळ भागावर लहान मोटारसायकल आपल्या कमाल वेगाला पोहोचून तेथेच राहते.

ही तीनही सर्किटे महाराष्ट्रापासून दूर आहेत. पुण्या-मुंबईहून तेथे जाण्यास एका बाजूने हजार किलोमीटरहून अधिक प्रवास पडतो. त्यामुळे वाहन ट्रकने पाठवणे, भाड्याचे वाहन घेणे किंवा स्वतः चालवत जाणे हे पर्याय उरतात. चालवत गेल्यास परतीच्या प्रवासाचा थकवा आणि वाहन पडल्यास घरी येण्याची अडचण यांचा विचार आधीच करावा लागतो.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. बंदिस्त ट्रॅक हा या वेगासाठी कायदेशीर पर्याय ठरतो.

भारतातील नेहमीच्या वाहन विमा पॉलिसीत संघटित शर्यती आणि वेगचाचणी यांसाठी होणारा वापर वगळलेला असतो. परिणामी ट्रॅकवर वाहनाचे झालेले नुकसान बहुधा चालकालाच सोसावे लागते. वैयक्तिक अपघात व आरोग्य विम्यातही साहसी खेळांबाबत अटी असू शकतात. ट्रॅकवर रुग्णवाहिका आणि वैद्यकीय पथक उपस्थित असणे ही आयोजकांची जबाबदारी मानली जाते.

हे सुद्धा पहा

- मोटोजीपी
- बुद्ध इंटरनॅशनल सर्किट
- मोटारसायकल शर्यत