शकुंतलेपासून छोटा हत्तीपर्यंत : ओझ्याचा हिशेब कोणाचा?

१/ यवतमाळलगतच्या लोहारा येथील औद्योगिक वसाहतीत डेनिमचे कापड तयार होते. इथला माल रस्त्याने ये-जा करतो. नवे वाहन न परवडणारा लहान व्यावसायिक जुना टेम्पो शोधू लागतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, "पासिंग किती?" या एका शब्दामागे शतकभराचा इतिहास उभा आहे.

२/ वऱ्हाडचा कापूस आधी बैलगाडीने बाजाराला जाई. गाडीची क्षमता कोणत्याही कागदावर लिहिलेली नसे. ओझे जास्त झाले की चढावर बैल थांबत आणि गाडीवान समजून घेई. ओझे वाहणारा जीवच ओझ्याची मर्यादा सांगत असे.

३/ मग आली शकुंतला. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीची ही अडीच फुटी नॅरोगेज रेल्वे यवतमाळ ते मूर्तिजापूर हे सुमारे ११३ किमी अंतर कापत असे. मूर्तिजापुरात कापूस मोठ्या रुळांवरील गाडीत चढे आणि मुंबईकडे रवाना होई. प्रत्येक वाघिणीची वाहनक्षमता ठरलेली होती. ओझ्याचा हिशेब आता रेल्वेकडे गेला.

४/ तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनले, १९२३ पासून धावू लागले आणि १९९४ मध्ये डिझेल इंजिन येईपर्यंत कामात राहिले. तब्बल ७० वर्षे! यंत्र जुने असणे हा मुळात दोष नव्हे. ते कोणत्या ओझ्याखाली आणि कोणत्या निगराणीत जुने झाले, हे महत्त्वाचे.

५/ रेल्वे दारापर्यंत येत नव्हती. ती उणीव रस्त्याने भरून काढली. १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली आणि जर्मनीतील 'टेम्पो' कंपनीच्या परवान्याने तीनचाकी मालगाड्या बनवू लागली. एका कंपनीचे नाव मराठीत अख्ख्या वाहनप्रकाराचे नाव झाले!

६/ पुढे १९६९ मध्ये मॅटाडोर, १९८६ मध्ये टाटा ४०७ आणि २००५ मध्ये पाऊण टन माल वाहणारा टाटा एस आला. लोकांनी त्याला 'छोटा हत्ती' म्हटले. आता एकटा माणूसही वाहतूकदार होऊ शकत होता. मात्र ओझ्याचा हिशेबही त्याच्याच शिरावर आला.

७/ तो हिशेब असा. आरसीवर दोन वजने असतात : रिकाम्या गाडीचे आणि भरल्या गाडीचे कमाल वजन. दोहोंतील फरक म्हणजे पासिंग. कापसाची एक प्रमाणित गाठ १७० किलोची. फरक ७५० किलो असेल, तर ४ गाठींचे ६८० किलो होतात. चालक बसला की गणित संपते. पाचवी गाठ हौद्यात मावेल, पण पासिंगमध्ये मावणार नाही.

८/ सुटा कापूस हौदा भरतो, पण वजनाला हलका. सिमेंटची ५० किलोची पोती हौदा अर्धाही भरण्याआधी मर्यादा गाठतात. म्हणून वाहन निवडताना हौद्याची लांबी नंतर पाहावी. आपल्या नेहमीच्या मालाचे वजन आधी काट्यावर करून घ्यावे.

९/ इतिहासाच्या अभ्यासकाने जुना टेम्पो दस्तऐवजासारखा वाचावा. चेसिसवर वेल्डिंगचे ठिगळ, पाट्यांच्या टेकूजवळ तडा, मागच्या ॲक्सलमधून गळणारे तेल, मागाहून वाढवलेले पाटे : ही सारी आधीच्या मालकाने वाहिलेल्या ओझ्याची नोंद. पाटे वाढवल्याने गाडी कमी दबते. ब्रेक, टायर आणि पासिंग मात्र पूर्वीचेच राहतात. नवा रंग ही या दस्तऐवजावरील खाडाखोड समजावी. आणि रिकाम्या गाडीची चाचणी ही अर्धीच चाचणी. माल भरून चढ चढवावा, उतारावर ब्रेक पाहावा.

१०/ दुसरा बोजा कागदावरचा. आरसीवर वित्तसंस्थेचे नाव असल्यास ते उतरवून घ्यावे, फिटनेस, कर आणि थकीत दंड तपासावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. चालक पगारी असला, तरी हा गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा आदेशाने घडला, असे न्यायालय गृहीत धरू शकते.

११/ बैल थांबत असे, वाघिणीची मर्यादा रेल्वे पाळत असे. टेम्पो मात्र पाचवी गाठही मुकाट्याने वाहतो. कधी तरी उतारावर ब्रेक लागेनासा होईपर्यंत. तेव्हा किंमत मोजतो तो चालक आणि समोरून येणारा अनोळखी माणूस. शंभर वर्षांत वाहने बदलली. 'आता पुरे' म्हणण्याचे काम मात्र बैलाकडून माणसाकडे आले आहे.

#इतिहास #यवतमाळ